बेल वाजण्याआधीचा वेळ

नोकरी कुठे केली, असं सोसायटीत कोणी विचारलं की मी ‘एका संशोधन केंद्रात’ एवढंच सांगते आणि विषय पाण्याच्या टँकरवर नेते. पुण्यात टँकरचा विषय निघाला की माणूस आधीचं सगळं विसरतो. पण यंदा गणपतीत वरच्या मजल्यावरची, आयटीत काम करणारी एक मुलगी काही पिच्छा सोडीना. “पण काकू, रिसर्च कसला?” मी म्हणाले, “परामानसशास्त्र. एकाच्या मनातलं दुसऱ्याला न सांगता कळतं का, ते आम्ही तपासायचो.” तिने लगेच फोनवर शोधलं, दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाली, “काकू, हे तर सूडोसायन्स आहे असं दाखवतंय.” मी म्हटलं, “तुझ्या फोनला दोन मिनिटं लागली. मला अठरा वर्षं लागली, आणि तरी मी इतकं ठामपणे सांगू शकत नाही.”

ती खळखळून हसली. मी मात्र आरती सोडून घरी आले. कारण ‘ठामपणे सांगता येत नाही’ हे वाक्य मी एकदा नको त्या माणसापाशी, नको त्या दिवशी बोलले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून गमतीदार आठवणी हव्या होत्या. थोड्या गमती आहेत, त्या देते. पण लिहायला बसले आहे ती त्या वाक्यापायी.

आमचं केंद्र नारायण पेठेत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये जाड लाकडी दार, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी: ‘येथे भविष्य सांगितले जात नाही. हरवलेल्या वस्तू व माणसे यांची चौकशी करू नये. भुतांविषयीच्या तक्रारी लेखी द्याव्यात.’ पाटी खांबेटे सरांनी स्वतः रंगवली होती. केंद्र त्यांचंच. कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते लहान असताना त्यांचा भाऊ परगावी नदीत बुडाला. त्याच दुपारी इकडे त्यांच्या आईच्या हातातलं ताट खाली पडलं, आणि ती म्हणाली, “अण्णा गेला.” तार दुसऱ्या दिवशी आली. हा योगायोग की आणखी काही, या एका प्रश्नापायी या माणसाने उरलेलं आयुष्य घातलं.

पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, “मेश्रामबाई, विश्वास ठेवायचा असेल तर गावात देवळं पुष्कळ आहेत. इथे फक्त मोजायचं.”

मला तेच हवं होतं. माझे बाबा पोस्टात, बदली होऊन नागपूरहून पुण्यात आलेले. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या गर्दीत ते तरुणपणी उभे होते, आणि त्यानंतर आमच्या घरात नवस, अंगारा, दृष्ट यातलं काही शिरलं नाही. मानसशास्त्राची पदवी घेऊन मी ही नोकरी धरली तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आम्ही भुतांना घरातून हाकललं, अन् तू त्यांच्याच ऑफिसात कामाला चाललीस?” मी म्हणाले, “बाबा, तिथं मोजतात.” ते म्हणाले, “मग नीट मोज. तपासल्याशिवाय कशाला हो म्हणू नको. अन् तपासल्यावर गप्प बसू नको.”

पहिली अट मी अठरा वर्षं पाळली. दुसरी चार महिने मोडली.

येणारे लोक नाना तऱ्हेचे असत. परीक्षकाच्या मनातला पेपर वाचायला शिकवाल का, असं विचारणारा एक विद्यार्थी दर मार्चमध्ये उगवायचा. त्याला सर म्हणायचे, “त्यापेक्षा पुस्तक वाचणं सोपं आहे, ते तरी करून पाहा.” सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी लेखी तक्रार दिली की स्वयंपाकघरातले पितळी डबे फळीवरून आपोआप उड्या मारतात, आणि हा वारलेल्या आजोबांचा कोप आहे. मी वही घेऊन आठवडाभर त्यांच्या ओट्यापाशी बसले. डबे रोज सरकायचे, गुरुवारी मात्र जागचे हलेनात. गुरुवारी वीज जायची, आणि वीज गेली की खालची पिठाची गिरणी बंद असायची. सरांनी अहवालात एकच ओळ लिहिली: ‘फळीला पुढून पट्टी ठोकावी.’ गृहस्थ संतापून केंद्रात आले. “आमच्या आजोबांना तुम्ही गिरणीत घातलंत!” भूत सापडलं नाही तर लोकांना दुःख होतं, हे मला तिथे प्रथम समजलं.

मुख्य काम मात्र पत्त्यांचं होतं. ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पंचवीस पत्ते. त्यांवर पाच खुणा: वर्तुळ, अधिकची खूण, लाटा, चौकोन आणि चांदणी. प्रत्येक खुणेचे पाच पत्ते. एका खोलीत मी बसायची, दुसऱ्या खोलीत ज्याची परीक्षा घ्यायची तो. मध्ये बंद दार. मी एक पत्ता उचलून त्याच्याकडे टक लावून बघायची आणि टेबलावरचं बटण दाबून बेल वाजवायची. बेल ऐकली की पलीकडच्याने माझ्या मनात कोणती खूण आहे ते कागदावर लिहायचं, आणि लिहून झालं की आपल्या बाजूची बेल वाजवायची. मग मी पुढचा पत्ता उचलायचा. या बेला आम्ही बुधवार पेठेतून आणल्या होत्या, दारावर लावतात त्या साध्या. डोळे मिटून काहीही लिहिलं तरी पंचविसांत सरासरी पाच बरोबर येणारच. कुणाचे सातत्याने त्याहून जास्त येत असतील, तर ते का, हा आमचा प्रश्न.

यात एक नियम माझा होता. सुरुवातीला पत्त्यांचा क्रम सर आधीच ठरवून पाकिटात बंद करून द्यायचे. मी म्हणाले, “सर, उद्या कोणी म्हणेल की बाईंनी मागून पत्ते खालीवर केले. मी प्रत्येक पत्ता उचलला की आधी त्याचं चित्र माझ्या वहीत काढते, मग बेल वाजवते. म्हणजे माझी वही, तुमचं पाकीट आणि त्याचा कागद, तिन्ही ताडून बघता येतील.” सरांना हे इतकं आवडलं की पाहुण्यांना ते ‘मेश्रामबाईंचा नियम’ म्हणून सांगायचे. मलाही त्याचा अभिमान होता. घरी बाबांनासुद्धा मी तो सांगितला होता.

आणि मग मारुतीराव कोंढरे आले. स्वारगेट डेपोचे कंडक्टर, कात्रजला राहायचे. त्यांना सरांनीच शोधून काढलं. सरांनी बसमध्ये पैसे पुढे केले तर तोंड उघडायच्या आत यांनी बरोबर थांब्याचं तिकीट फाडून दिलं. सरांनी त्यांच्या बसने लागोपाठ पाच दिवस प्रवास केला. पाठमोऱ्या उतारूचाही थांबा ते ओळखायचे. “मारुतीराव, हे कसं कळतं?” तर म्हणाले, “कळतंय असं न्हाय साहेब. हात आपोआप जातोय.”

सुट्टीच्या दिवशी ते केंद्रावर यायला लागले. खाकी सदरा, डोक्याला तेल, आणि खुर्चीवर बसायचे ते शाळेत बसल्यासारखे. पहिल्या दिवशी त्यांचे आठ बरोबर आले. मग सात. मग नऊ. महिने गेले तरी आकडा पाचावर यायचं नाव घेईना. आम्ही दार तपासलं, भिंत तपासली, पत्ते बदलले, दिव्याची जागा बदलली. माझी वही, सरांचं पाकीट, त्यांचा कागद, तिन्ही चोख जुळत. सर गणितं करत बसायचे आणि मध्येच चष्मा काढून खिडकीतून बघत राहायचे. त्यांना शिट्टी वाजवता येते हे मला त्या वर्षी कळलं.

सरांनी लेख लिहिला. तो परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला, आणि तिकडून पत्रं यायला लागली. काही कौतुकाची, काही ‘तुमच्यात कोणीतरी लबाड आहे’ असं सभ्य भाषेत कळवणारी. लबाड कोणी नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्याच आनंदात एकदा चहा घेताना मी म्हणून गेले, “मारुतीराव, सगळ्या पुण्यात तुमच्यासारखा माणूस नाही हं.” ते लाजले. पण ते वाक्य ते कात्रजला घेऊन गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या जाड दारात माझा उजवा हात सापडला. दोन बोटांना पट्टी, पेन्सिल धरता येईना. सर म्हणाले, चित्रं राहू द्या, डाव्या हाताने खुणेचा नुसता आकडा लिहा, एक ते पाच. तसं केलं. मारुतीरावांचे पाच आले. मग चार. मग पुन्हा पाच. तीन आठवडे हेच चाललं. मारुतीराव हवालदिल झाले. “बाई, देवानं परत घेतलं का काय?” सर मात्र शांत होते. “थकवा. जगभर हेच दिसतं. आधी चढण, मग उतरण. हेसुद्धा नोंदवून ठेवा.” माझी पट्टी सुटली, मी पुन्हा चित्रं काढायला लागले, आणि आकडा पुन्हा आठावर गेला. सर म्हणाले, “बघा, विश्रांतीने परत आली.” जिंकलो तर पुरावा आणि हरलो तरी पुरावाच, यात काहीतरी खटकतंय असं मला तेव्हा प्रथम वाटलं.

एका दुपारी जाताजाता मारुतीराव जिन्यात थांबले आणि सहज बोलून गेले, “बाई, हात बांधला व्हता तवा तुमची घंटी लई मुकी वाजायची. आता परत बोलाया लागली.”

मी वर आले. सर बँकेत गेले होते. मी स्टॉपवॉच काढलं आणि वहीत खुणा काढत बसले. वर्तुळ एका फटक्यात होतं. अधिकला दोन रेघा. चौकोनाला चार. लाटा तीन काढाव्या लागतात, आणि चांदणीला तर मी कोपरे जुळवत बसायची, कारण माझं काम नीटनेटकं असतं. मारुतीरावांची बेल आणि माझी बेल यांच्या मधला वेळ प्रत्येक खुणेला वेगळा होता. सहज लक्षात यावा असा मोठा फरक नव्हता. पण ज्याचं अर्धं आयुष्य ड्रायव्हरला सिंगल बेल आणि डबल बेल देण्यात गेलं, त्याच्या कानाला तो पुरत होता. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. हात आपोआप जात होता.

खात्री करायला पुढच्या वेळी मी एक चोरटी परीक्षा घेतली. वर्तुळ आलं की चांदणीइतका वेळ थांबायचं आणि चांदणी आली की भराभर उरकायची. मारुतीरावांनी वर्तुळाला चांदणी लिहिलं आणि चांदणीला वर्तुळ. त्यांनी माझं मन कधीच ओळखलं नव्हतं, माझी पेन्सिल ओळखली होती. आणि पेन्सिलचा नियम माझा. चोर येऊ नये म्हणून मीच लावलेल्या कुलपातून तो आत आला होता.

हे त्याच संध्याकाळी सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता, हे खरं. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून बजावलं होतं, हेही खरं. पण खरं कारण त्याहून लहान आणि वाईट आहे. मला लाज वाटत होती. घरी वडिलांना ज्या नियमाची फुशारकी सांगितली तोच केंद्राला बुडवणार, हे तोंडाने म्हणवत नव्हतं. उद्या सांगू, सरांना जरा बरं वाटू दे, पुढच्या अहवालात हळूच घालू, असं करत चार महिने गेले. मारुतीराव येत होते, आठ येत होते, मी नीट कोपरे जुळवून चांदण्या काढत होते.

मग इंदुबाई आल्या.

त्या कात्रजला मारुतीरावांच्या शेजारच्या चाळीत राहायच्या. विद्यार्थ्यांच्या एका खाणावळीत पोळ्या लाटायच्या. वर्षभरापूर्वी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा विलास कारखान्यात कामाचं विचारायला जातो म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नव्हता. ज्या माणसाचं नाव पुस्तकात छापून आलंय त्याला सगळं कळतं, असं चाळीत झालं होतं. इंदुबाईंनी त्याला विचारलं, आणि मारुतीरावांनी डोळे मिटून सांगितलं, “जित्ता हाय. यील.”

हे सगळं मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्या दम लागलेल्या अवस्थेत जिना चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“पाटी वाचली बाई मी. चौकशी करायला न्हाय आले. एकच इचारायचं हाय.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “घाटाखाली कोन तरी घावलंय. पोलिसांनी उद्या सरकारी दवाखान्यात बोलावलंय, कपडे बघायला. वय तेवढंच हाय म्हनत्यात. मारुती म्हनतो, जाऊ नको, त्यो न्हाय, त्यो जित्ता हाय. मी जाऊ का नको? तुमी त्याला तपासलंय. त्याचं खरं असतं का?”

मधलं दार उघडं होतं. आतल्या खोलीत सर परदेशाहून आलेलं एक पत्र वाचत बसले होते, पाठ आमच्याकडे. मी काय बोलते ते शब्दन्‌शब्द त्यांना ऐकू गेलं असतं.

मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही इंदुबाई, त्याला काही कळत नाही, तुम्ही जा. एवढंच. मी सरांच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, “अजून तपासणी चालू आहे. ठामपणे काही सांगता येत नाही.”

“चालू हाय न्हवं?” त्या म्हणाल्या. “बरं.” आणि जिना उतरून गेल्या.

वाक्य शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होतं. कुठल्याही परिषदेत शोभलं असतं. आणि खोटं होतं.

त्या दवाखान्यात गेल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी मारुतीरावांनी मोठ्या समाधानाने मला सांगितलं, “इंदूवैनी गेली न्हाय दवाखान्यात. इस्वास ठिवला माझ्यावर.” ओळख पटवायला कोणीच न आल्यामुळे तिकडे बेवारस म्हणून नियमाप्रमाणे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो विलास होता की दुसऱ्या कुणाचा मुलगा, हे त्यानंतर कोणालाच सांगता येणार नव्हतं.  मारुतीरावांना तसंच खुर्चीवर बसवून मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि सरांना सगळं सांगितलं. वर्तुळ, चांदणी, चोरटी परीक्षा, इंदुबाई, सगळं.

 सरांनी मारुतीरावांना चहा प्यायला खाली पाठवलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. “पत्ते पिसा. काढा चित्रं. वाजवा.” मी पंचवीस पत्ते केले. त्यांनी आपला कागद माझ्या वहीशी ताडून पाहिला. आठ बरोबर होते.

“मलाही येतं की,” ते म्हणाले.  खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं.

“हे तुम्हाला केव्हा समजलं?”

“चार महिने झाले.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. वर्गात समजावून सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, “बेलेची चूक प्रयोगात घडली, बाई. चुका घडतात, त्या सापडतात, तेच तर शास्त्र. जग आपल्याला शास्त्र म्हणो न म्हणो, तुम्ही स्टॉपवॉच हातात घेतलंत त्या दिवशी आपण ते करत होतो. पुढचे चार महिने मात्र करत नव्हतो.” एवढं बोलून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि त्या परदेशी नियतकालिकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहायला घेतलं. बेलेच्या दोषाची सगळी हकिकत लिहिली, फक्त नियम कोणाचा होता ते लिहिलं नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाले, “केंद्र माझं आहे.”

पत्र छापून आलं, मागच्या पानावर, बारीक टायपात. या विषयावर भांडणाऱ्यांपैकी काही जण अजूनही पुण्याच्या कंडक्टरचा तो लेख पुरावा म्हणून दाखवतात, असं मला मधूनमधून कळतं. पत्राचं नाव कोणी काढत नाही. मारुतीरावांना सांगायला सर स्वतः स्वारगेटला गेले, मी सोबत होते. डेपोतल्या बाकावर बसून मारुतीरावांनी सगळं ऐकून घेतलं, हातातल्या तिकिटं टोचायच्या पंचकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मंजी मला काय कळत न्हाय, एवढंच खरं ना साहेब?” त्यानंतर ते केंद्रावर आले नाहीत. त्यांनी इंदुबाईंना काही सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला कात्रजला जावं लागलं असतं.

सर पुढे सहा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत प्रयोग करत राहिले, बेल काढून टाकून, चित्रं काढून टाकून. आकडे पाचाच्या आसपास येत. ताटाचं उत्तर त्यांना मिळालं नाही. ते गेल्यावर केंद्र बंद झालं. बाबांना मी बेलेची गोष्ट सांगितली, इंदुबाईंची सांगितली नाही. तेही गेले.

म्हणून त्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी ठाम उत्तर देऊ शकले नाही. सगळीकडचं सगळं खोटं आहे, असं मी तपासलेलं नाही, आणि न तपासता बोलायची मला सवय नाही. पण आमच्या दोन खोल्यांत काय झालं ते मी तपासलं होतं. ते तरी ज्याचं त्याला सांगायला हवं होतं. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने स्वारगेटला आले आणि कात्रजची बस धरली.

चाळीच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. मारुतीराव वारून बरीच वर्षं झाली होती. इंदुबाई तळमजल्यावर मुलीपाशी राहतात. मुलगी कामावर गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी मला ओळखलं, मला वाटलं होतं त्याहून लवकर.

“पत्त्याच्या बाई ना तुमी? या. बसा.”

भिंतीवर दोन फोटो होते. यजमानांच्या फोटोला चंदनाचा हार. शेजारी मिसरूड फुटलेल्या विलासचा, वहीएवढा. त्याला काहीच नव्हतं. मी पाणी प्यायले आणि सांगायला सुरुवात केली, की मारुतीरावांच्या शब्दावर तुम्ही त्या दिवशी गेला नाहीत, पण...

“मारुतीच्या?” त्यांनी मला मध्येच तोडलं. “त्याचं कोन मनावर घेतंय! त्याला सवताची छत्री कुठं ठिवली ते घावायचं न्हाय. मी तुमच्या शब्दावर ऱ्हायले, बाई. तुमी म्हनला, तपासनी चालू हाय. मी म्हनलं, एवढी शिकलेली बाई, खोटं असतं तर सरळ न्हाय म्हनली असती.”

 तीस वर्षं मी दोष निदान दोघांत वाटून घेत होते. तो सगळा माझाच निघाला.

“झाली का मग?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“तपासनी.”

“झाली,” मी म्हणाले. “तुम्ही आलात त्याच्या आधीच झाली होती. मारुतीरावांना काही कळत नव्हतं, इंदुबाई. आणि ते मला माहीत होतं. मी खोटं बोलले.”

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं शिव्या देतील, रडतील, हाकलतील. यातलं काही झालं नाही. बाहेर कोणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या होऊन थांबला.

“तवा सांगितलं असतं तर गेले असते मी,” त्या म्हणाल्या. “त्यो नसता तरी बघून आले असते. असता तर माझ्या हातनं माती तरी झाली असती.”

“हो.”

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या. मी चप्पल घालत असताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

“उद्या एक हार घिऊन या. पोरगी आनायची न्हाय, तिला म्हनलं तर रडंल. तुमीच आना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुधवार पेठेत उतरले. बेला घेतल्या होत्या त्या दुकानात आता कॅमेरे आणि मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. दगडूशेठच्या बाजूला फुलवाल्यांची रांग आहे. एका मावशींपुढे जाऊन उभी राहिले. हातातला दोरा न थांबवता त्यांनी विचारलं, “देवाला का फोटोला?”

“फोटोला.”

“केवढा हाय फोटो?”

मी दोन्ही हातांनी माप दाखवलं.